पान रीलोड न करता मजकूर आणायचा कसा: फेच, मराठी विकिपीडिया आणि मधल्या भानगडी

फेच (सर्व्हरकडून माहिती मागवायचं जावास्क्रिप्टमधलं फंक्शन) शिकवणारे व्हिडिओ ढिगाने आहेत आणि बहुतेक सगळे एकाच जागी संपतात, डेटा आला, कन्सोलमधे छापला, झालं. खरी मारामारी तिथून पुढे असते. मागवलेलं यायच्या आत युजरने दुसरंच काहीतरी टाइप केलं, बसमधे नेट गेलं, सर्व्हर म्हणाला सगळं ठीक आणि आत एररच पाठवला, काहीच सापडलं नाही म्हणून आख्खी स्क्रिप्ट मेली, असल्या गोष्टी. त्यात लोक मराठीत टाइप करणार असतील तर वेगळ्याच चार भानगडी, ज्या इंग्रजी कीबोर्डवर टेस्ट करणाऱ्याला कधी दिसतच नाहीत. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आपण एकच छोटी गोष्ट बनवू. एक शोधपेटी, त्यात शब्द टाकला की मराठी विकिपीडियातले लेख खाली यादीत येतात, प्रत्येकाच्या खाली दोन ओळी मजकूर, आणि शेवटी "आणखी दाखवा" बटण. पान कुठेही रीलोड होत नाही. विकिपीडिया घेतला कारण त्याच्या एपीआयला (म्हणजे कोडमधून माहिती मागायच्या सोयीला) की, म्हणजे ओळखीचा गुप्त कोड, लागत नाही, अकाउंट लागत नाही, आणि ब्राउझरमधून थेट विचारता येतं, मधे स्वतःचा सर्व्हर नको. कोड मुद्दाम पेस्ट करत नाहीये, ओळ शब्दात सांगतो, एडिटर शेजारी उघडा ठेवा आणि स्वतः टाइप करा. कॉपी केलेला कोड चालतो पण डोक्यात राहत नाही.

आधी थोडं जुनं, म्हणजे नेटवरची जुनी ट्युटोरियल्स ओळखता येतील. पान न बदलता मागच्या मागे सर्व्हरला विचारायची सोय मायक्रोसॉफ्टने १९९९ मधे इंटरनेट एक्सप्लोरर ५ मधे दिली, मूळ गरज आउटलुकच्या वेबवर चालणाऱ्या आवृत्तीची होती. तिचं नाव एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट. २००४ मधे जीमेल आलं, २००५ मधे गूगल मॅप्स, आणि त्याच वर्षी फेब्रुवारीत डिझायनर जेसी जेम्स गॅरेट यांनी या सगळ्या पद्धतीला अजॅक्स असं नाव दिलं. नावातलं एक्सएमएल हळूहळू गेलं, त्याजागी जेसन (डेटा साध्या मजकुरात मांडायची पद्धत) आलं, नाव मात्र चिकटलं. मग जेक्वेरी या लायब्ररीचं डॉलर डॉट अजॅक्स. फेच क्रोममधे २०१५ ला आलं आणि असिंक-अवेट २०१७ च्या जावास्क्रिप्ट स्टँडर्डमधे. तेव्हा कुठे रेडी-स्टेट बरोबर ४ का असं तपासणारा कोड दिसला तर समजायचं की हा जुना जमाना आहे, चुकीचा नाही, पण नवीन लिहिताना त्या वाटेला जायची गरज नाही.

तयारी

एक एचटीएमएल फाइल घ्या. त्यात टाइप सर्च असलेला इनपुट आणि त्याला लेबल, त्याखाली एक रिकामा पॅराग्राफ ज्याला रोल = स्टेटस द्या (शोधतोय, १० लेख सापडले, नेट नाही वगैरे मजकूर इथे, आणि रोल दिल्यामुळे स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही तो ऐकू जातो), मग रिकामी यूएल यादी, मग बटण हिडन करून, आणि एक टेम्प्लेट टॅग ज्याच्या आत एका लेखाचा साचा, म्हणजे एलआय, त्यात लिंक आणि पॅराग्राफ. टेम्प्लेटमधलं काही स्क्रीनवर दिसत नाही, आपण त्याची कॉपी काढून भरायची.

फाइल डबल क्लिक करून उघडू नका. पत्त्यात फाइल असं आलं की ब्राउझर त्या पानाचं ओरिजिन (पान कुठल्या साइटवरून आलं ते) नल धरतो, आणि शेजारच्या फोल्डरमधली जेसन फाइल फेच करायला गेलात तर अडवतो, जावास्क्रिप्ट मॉड्यूलही लोड होत नाहीत. व्हीएस कोडमधलं लाइव्ह सर्व्हर एक्स्टेन्शन टाका, किंवा पायथन असेल तर त्यातला छोटा सर्व्हर चालवा, पत्ता लोकलहोस्ट दिसला की बरोबर.

असिंक म्हणजे नक्की काय

गिरणीत दळणाचा डबा ठेवून आपण तिथेच उभे राहत नाही, भाजी घेऊन येतो, येताना पीठ उचलतो. तसंच. फेच म्हटलं की रिक्वेस्ट निघते आणि हातात लगेच एक प्रॉमिस मिळतं, उत्तर नाही, उत्तर पुढे येईल याची नुसती पावती. अवेट लिहिलं की ते फंक्शन तिथे थांबतं पण पान थांबत नाही, स्क्रोल चालतं, टायपिंग चालतं, दुसऱ्या बटणाचे क्लिक चालतात. आणि याच शेवटच्या वाक्यातून पुढचा सगळा त्रास येतो हे लक्षात ठेवा, कारण आपलं फंक्शन थांबलेलं असताना युजर काहीही करू शकतो.

अवेट जिथे वापरायचं त्या फंक्शनच्या आधी असिंक लिहावं लागतं. आणि एक जाता जाता, जावास्क्रिप्टमधे व्हेरिएबलचं नाव देवनागरीत चालतं, यादी, शोधपेटी, लेख असली नावं बिनधास्त द्या, एकट्याच्या प्रोजेक्टमधे मजा येते. टीममधे नको, दर दोन शब्दांनी कीबोर्ड बदलावा लागतो.

पत्ता तयार करणे

मराठी विकिपीडियाच्या एपीआयचा पत्ता म्हणजे एचटीटीपीएस, मग एमआर डॉट विकिपीडिया डॉट ऑर्ग, मग स्लॅश डब्ल्यू स्लॅश एपीआय डॉट पीएचपी. त्यापुढे प्रश्नचिन्ह आणि पॅरामीटर. आपल्याला लागतात ते असे: अ‍ॅक्शन = क्वेरी, फॉरमॅट = जेसन, फॉरमॅटव्हर्जन = २, ओरिजिन = स्टार, जनरेटर = सर्च (शोधात सापडलेल्या लेखांची माहिती द्या असं सांगणारा), जीएसआरसर्च = युजरचा शब्द, जीएसआरलिमिट = १०, प्रॉप = एक्स्ट्रॅक्ट्स आणि इन्फो मधे उभी दांडी टाकून. मग एक्स्ट्रॅक्ट्सचे (लेखातल्या मजकुराच्या उताऱ्याचे) स्वतःचे पॅरामीटर, ज्या सगळ्यांच्या सुरुवातीला ई-एक्स ही दोन अक्षरं येतात: इंट्रो = १, प्लेनटेक्स्ट = १, चार्स = २००, लिमिट = मॅक्स. आणि इन्फोसाठी आयएन-प्रॉप = यूआरएल, म्हणजे लेखाची पूर्ण लिंक उत्तरात येते.

यातलं ओरिजिन = स्टार विसरलात तर बाकी सगळं बरोबर असूनही ब्राउझर उत्तर हातात देणार नाही. फॉरमॅटव्हर्जन २ मुळे लेख सरळ अ‍ॅरेमधे येतात, नाहीतर पान क्रमांक ही की असलेल्या ऑब्जेक्टमधे येतात आणि उगाच डोकं खाजवत बसावं लागतं.

हे सगळं प्लस चिन्हाने जोडून लांबलचक स्ट्रिंग बनवू नका. यूआरएल-सर्च-पॅराम्स नावाचा तयार ऑब्जेक्ट आहे, त्याला साधा ऑब्जेक्ट द्यायचा, तो सगळं नीट एन्कोड करून देतो. आता गंमत अशी की मराठी शब्द नुसता चिकटवला तरी बहुतेक वेळा चालतं कारण ब्राउझर स्वतःच तो एन्कोड करतो, त्यामुळे लोकांना वाटतं की याची गरजच नाही, आणि मग कोणीतरी शोधतं "टाटा & सन्स" आणि & नंतरचं सगळं वेगळं पॅरामीटर होऊन जातं, किंवा # टाकतं आणि पुढचं सर्व्हरपर्यंत पोचतच नाही. सर्च-पॅराम्स वापरा आणि विषय संपवा. फक्त दोनदा एन्कोड करू नका, म्हणजे आधी एन्कोड-यूआरआय-कंपोनंट आणि मग वर सर्च-पॅराम्स असं केलं की टक्क्याच्या चिन्हाचंच टक्का २५ होतं आणि शोध रिकामा येतो. देवनागरी अक्षर यूटीएफ-८ मधे ३ बाइटचं, प्रत्येक बाइटची पत्त्यात ३ चिन्हं, म्हणजे "पुणे" या चार कोडपॉइंटच्या (युनिकोडमधल्या सुट्या चिन्हांच्या) शब्दाची पत्त्यात ३६ चिन्हं होतात. नेटवर्क टॅबमधे ती लांबड बघून घाबरू नका.

मागवणे, आणि आलंय का खरंच हे बघणे

आता मुख्य फंक्शन. असिंक फंक्शन लेखआणा, त्याला शब्द मिळतो. पहिली ओळ, अवेट फेच, कंसात पत्ता, उत्तर रिस्पॉन्स नावाच्या व्हेरिएबलमधे. इथे फक्त हेडर आलेले असतात, मजकूर अजून वाटेत असू शकतो, म्हणून दुसरं अवेट लागतं, अवेट रिस्पॉन्स डॉट जेसन आणि रिकामे कंस. हे दुसरं अवेट विसरलं की हातात डेटाऐवजी प्रॉमिस येतं आणि सगळं अनडिफाइन्ड दिसतं. शिवाय रिस्पॉन्सचा मजकूर एकदाच वाचता येतो, डीबग करताना आधी डॉट टेक्स्ट केलं आणि मग डॉट जेसन केलं तर दुसरा एरर देणार. दोन्ही हवेच असतील तर आधी क्लोन करा.

या दोन ओळींच्या मधे आणि नंतर तपासण्या हव्यात.

पहिली, रिस्पॉन्स डॉट ओके. फेच ४०४ ला (पान सापडलं नाही) किंवा ५०० ला (सर्व्हर बिघडला) एरर फेकत नाही. सर्व्हरपर्यंत पोचलो, उत्तर आलं, त्याच्या दृष्टीने काम फत्ते. ओके हे २०० ते २९९ साठीच ट्रू असतं, तेव्हा ते फॉल्स असेल तर आपणच थ्रो करायचं, सोबत स्टेटस नंबर. ही ओळ नसेल तर सर्व्हरचं एरर पान, जे एचटीएमएल असतं, ते जेसन म्हणून वाचायला जातं आणि कन्सोलमधे "अनपेक्षित चिन्ह, कोनी कंस" अशा अर्थाचा मेसेज येतो. तो मेसेज दिसला की नव्वद टक्के वेळा कारण हेच, जेसन बिघडलेलं नसतं, जेसन आलेलंच नसतं.

दुसरी, विकिपीडियाचं एपीआय चुकीच्या पॅरामीटरला सुद्धा साधारणपणे २०० च देतं आणि उत्तराच्या आत एरर नावाची की ठेवतं. बरेच एपीआय असंच करतात. म्हणून जेसन वाचल्यावर डेटा डॉट एरर आहे का ते बघा, असेल तर पुन्हा थ्रो.

तिसरी जी फार कमी लोक टेस्ट करतात, काहीच सापडलं नाही तर. आपल्याला वाटतं रिकामा अ‍ॅरे येईल. नाही येत. जनरेटर वापरल्यावर एकही लेख नसेल तर उत्तरात क्वेरी ही कीच नसते. मग डेटा डॉट क्वेरी डॉट पेजेस म्हटलं की स्क्रिप्ट तिथेच आडवी. म्हणून क्वेरीनंतर प्रश्नचिन्ह-डॉट वापरा, आणि शेवटी दोन प्रश्नचिन्हं देऊन रिकामा अ‍ॅरे. इतकं केलं की "काही सापडलं नाही" असं सभ्यपणे दाखवता येतं. टेस्ट करायला कीबोर्डवर वाटेल ती बटणं दाबून शब्द टाका.

अजून एक, जनरेटरचे लेख शोधाच्या क्रमाने येतातच असं नाही. प्रत्येक लेखात इंडेक्स नावाचा आकडा असतो, त्यावर सॉर्ट करा, नाहीतर पुणे शोधल्यावर वर भलताच लेख दिसेल आणि तुम्ही विकिपीडियाला नावं ठेवाल.

हे सगळं ट्राय-कॅचमधे. नेट गेलं असेल तर फेच टाइप-एरर फेकतं, मेसेज प्रत्येक ब्राउझरचा वेगळा, त्यामुळे मेसेजचा मजकूर तपासून काही ठरवू नका. आणि युजरला तो मेसेज दाखवू तर अजिबात नका, "आत्ता लेख आणता आले नाहीत, नेट बघा आणि पुन्हा शोधा" इतकं पुरे. नॅव्हिगेटर डॉट ऑनलाइन फॉल्स म्हणत असेल तर त्यावर विश्वास ठेवा, ट्रू म्हणत असेल तर नको, वायफायला जोडलंय पण वायफायला नेटच नाही हे त्याला कळत नाही.

यादीत टाकणे

प्रत्येक लेखासाठी टेम्प्लेटची कॉपी काढा (कंटेंट डॉट क्लोननोड, कंसात ट्रू), लिंकमधे टेक्स्टकंटेंट म्हणून टायटल, एचरेफ म्हणून फुल-यूआरएल, पॅराग्राफमधे एक्स्ट्रॅक्ट. एक्स्ट्रॅक्ट कधीकधी नसतो, तेव्हा पॅराग्राफ काढून टाका. सगळ्या कॉपी आधी एका डॉक्युमेंट-फ्रॅगमेंटमधे गोळा करा आणि शेवटी यादीवर रिप्लेस-चिल्ड्रन एकदाच. जुनी यादी जाते, नवी येते, मधे फ्लिकर नाही.

इनर-एचटीएमएल वापरून बॅकटिकच्या स्ट्रिंगमधे सगळं ठोकून देणं सोपं वाटतं आणि अर्धं इंटरनेट तेच शिकवतं, पण बाहेरून आलेला मजकूर एचटीएमएल म्हणून पानात सोडणं म्हणजे कोणाचीही स्क्रिप्ट आपल्या पानावर चालू देणं. विकिपीडियावर भरवसा असेल, पण उद्या हाच कोड तुम्ही कमेंट दाखवायला वापरणार. आपण प्लेनटेक्स्ट मागितलं ते यासाठीच, साध्या सर्चच्या उत्तरात जो स्निपेट येतो त्यात शब्द हायलाइट करायला स्पॅन टॅग असतात आणि ते मग टेक्स्टकंटेंटमधे तसेच्या तसे दिसतात. आणि हो, लेखाची लिंक द्याच, विकिपीडियाचा मजकूर सीसी बाय-एसए लायसन्सवर आहे, नाव आणि लिंक देणं हे त्यातच येतं.

मराठी टायपिंग

आता शोधपेटीला इनपुट इव्हेंट लावायचा. थेट लावला तर प्रत्येक अक्षराला एक रिक्वेस्ट जाईल, आणि मराठीत अक्षराला नाही, काना-मात्रेला सुद्धा. "श्री" ची लांबी जावास्क्रिप्टला विचारा, ४ सांगेल, श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी. म्हणजे एका अक्षरासाठी चार रिक्वेस्ट, आणि मधल्या तीन "श", "श्", "श्र" असल्या अर्धवट शब्दांच्या ज्यांना काही अर्थ नाही. त्याच कारणाने "कमीत कमी २ अक्षरं टाका" ही अट मराठीत फारशी कामाची नाही, "की" ची लांबी सुद्धा २ च आहे.

उपाय डिबाउन्स. प्रत्येक इनपुटला आधीचा टायमर क्लिअर-टाइमआउटने रद्द, नवीन सेट-टाइमआउट ३०० मिलिसेकंदांचा, तेवढा वेळ टायपिंग थांबलं तरच शोध. मराठीसाठी मी ४०० ठेवतो, फोनवर लोक जोडाक्षर शोधत थबकतात.

मग कंपोझिशन. फोनेटिक कीबोर्डवर तुम्ही रोमन अक्षरं दाबता आणि शब्द तयार होताना मधल्या अवस्था पेटीत येत जातात, तोपर्यंत इव्हेंटमधे इज-कंपोझिंग ट्रू असतं. पुष्कळ ठिकाणी सल्ला असतो की ट्रू असेल तर सरळ रिटर्न करा. डेस्कटॉपवर ठीक. पण अँड्रॉइडवर जीबोर्ड चालू शब्द स्पेस देईपर्यंत कंपोझिशनमधेच धरून ठेवतो, मग युजर "कोल्हापूर" टाइप करून वाट बघत बसतो आणि काहीच होत नाही, कारण तुम्ही रिटर्न केलंय. म्हणून मी कंपोझिशन चालू असताना रिटर्न करत नाही, फक्त डिबाउन्स जास्त ठेवतो, ७०० च्या आसपास, आणि कंपोझिशन-एंड हा इव्हेंट वेगळा ऐकून त्यावर लगेच शोध. इन्स्क्रिप्टवाल्यांना हा प्रश्न सहसा येत नाही, तिथे की दाबली की अक्षर थेट पेटीत.

आणि ऱ. "तऱ्हा" मधला हा र एका कोडपॉइंटने लिहिता येतो, साधा र आणि नुक्ता (अक्षराखालचा टिंब) मिळून लिहिता येतो, आणि काही कीबोर्ड र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडक असं टाकतात. डोळ्याला तिन्ही सारखे, कॉम्प्युटरला तीन वेगळे शब्द. स्ट्रिंगवर नॉर्मलाइज, कंसात एनएफसी (युनिकोडचं एक ठरलेलं रूप), हे चालवलं की पहिले दोन एक होतात. तिसरा होत नाही, त्याला रिप्लेस करून स्वतः बदलावं लागतं. विकिपीडियाला विचारताना याने थोडाच फरक पडेल, पण स्वतःच्या डेटामधे शोधणार असाल किंवा आलेली उत्तरं शब्दानुसार मॅपमधे साठवणार असाल (साठवा, तोच शब्द परत आला की रिक्वेस्ट वाचते) तर हे आधीच करून घ्या. सोबत ट्रिम पण.

जुनं उत्तर नव्याच्या डोक्यावर

ही सगळ्यात महत्त्वाची भानगड, आणि घरच्या वायफायवर कधीच दिसत नाही. युजरने "सोला" वर क्षणभर थांबून "सोलापूर" केलं. दोन रिक्वेस्ट गेल्या. पहिलीचं उत्तर उशिरा आलं. तुमचा कोड जे शेवटी आलं ते दाखवतो, म्हणजे पेटीत सोलापूर आणि खाली सोलाचे लेख. डिबाउन्सने हे कमी होतं, जात नाही.

यासाठी अबॉर्ट-कंट्रोलर. बाहेर एक व्हेरिएबल ठेवा, चालू. नवीन शोध सुरू झाला की चालू असेल तर त्याच्यावर डॉट अबॉर्ट, मग नवीन कंट्रोलर करून तो चालूमधे टाका, आणि फंक्शनच्या आत स्वतःकडे पण त्याची एक प्रत ठेवा, माझा म्हणू. फेचच्या दुसऱ्या पॅरामीटरमधे सिग्नल म्हणून माझा डॉट सिग्नल. आधीची रिक्वेस्ट तिथेच तुटते आणि तिचं अवेट अबॉर्ट-एरर फेकतं. कॅचमधे एररचं नेम अबॉर्ट-एरर असेल तर काही न दाखवता रिटर्न, हा बिघाड नाही, आपणच रद्द केलंय.

इथे एक बारीक गोष्ट आहे जी चांगल्या चांगल्या साइट्सवर चुकलेली दिसते. "शोधतोय..." हा मजकूर पुसायचं काम आपण फायनलीमधे टाकतो, यश येवो अपयश येवो, पुसलं जाईल म्हणून. पण रद्द झालेली जुनी रिक्वेस्ट पण फायनलीमधे जाते, आणि ती नव्या रिक्वेस्टचं "शोधतोय..." पुसून टाकते, नवी अजून वाटेतच असते. युजरला वाटतं काहीच चालू नाही. म्हणून फायनलीमधे आधी बघा, चालू अजून माझाच आहे का, असेल तरच पुसा.

पेटी रिकामी केली तर? अबॉर्ट करा, यादी रिकामी करा, बटण लपवा, टायमर रद्द करा. नाहीतर पेटी पुसल्यावर अर्ध्या सेकंदाने मेलेल्या शोधाचे लेख उगवतात.

वेळमर्यादा फेचला स्वतःची नसते, आपण देऊ ती. अबॉर्ट-सिग्नल डॉट टाइमआउट, कंसात १०००० म्हणजे १० सेकंद. त्यात टाइमआउट-एरर येतो, अबॉर्ट-एरर नाही, त्यामुळे युजरला "फार वेळ लागतोय" असं वेगळं सांगता येतं. आपला कंट्रोलर आणि ही मर्यादा दोन्ही हवी असतील तर अबॉर्ट-सिग्नल डॉट एनी मधे दोन्ही सिग्नल अ‍ॅरे करून द्या. एनी जुन्या फोनच्या ब्राउझरमधे नसतं, तिथे साधा सेट-टाइमआउट लावून त्यातून कंट्रोलरला अबॉर्ट केलं तरी चालतं, फक्त मग एरर अबॉर्टचाच येतो आणि वेळ संपला होता हे एका फ्लॅगमधे लिहून ठेवावं लागतं.

आपोआप पुन्हा प्रयत्न करायचा असेल तर फक्त माहिती आणणाऱ्या रिक्वेस्टला, १ सेकंद, २ सेकंद, ४ सेकंद असं अंतर वाढवत, आणि मग थांबा. पैसे भरणे, फॉर्म पाठवणे याला कधीच नको, दोनदा पैसे कटतील. ४२९ आलं तर समजा तुम्ही फार वेळा विचारताय, तिथे लगेच परत विचारणं म्हणजे आगीत तेल.

आणखी दाखवा

उत्तरात कंटिन्यू नावाचा ऑब्जेक्ट आला तर पुढे अजून लेख आहेत. आत काय आहे त्यात डोकं घालू नका, तो आख्खा पुढच्या रिक्वेस्टच्या पॅरामीटरमधे मिसळा. नसेल तर बटण लपवा. बटण दाबल्यावर उत्तर येईपर्यंत डिसेबल करा, नाहीतर दोनदा दाबलं की तेच लेख दोनदा. आणि यावेळी रिप्लेस-चिल्ड्रन नाही, अपेंड. शब्द बदलला की जपून ठेवलेला कंटिन्यू फेकून द्यायचा हे विसरू नका.

स्क्रोल करत खाली गेलं की आपोआप लोड व्हावं असं क्लायंट मागतातच. इंटरसेक्शन-ऑब्झर्व्हर लावून यादीच्या शेवटच्या रिकाम्या डिव्हवर नजर ठेवली की होतं. पण शोधाच्या यादीला मला बटणच बरं वाटतं. अनंत स्क्रोलमधे माणूस पानाच्या तळापर्यंत पोचूच शकत नाही, तिथे तुम्ही संपर्काचा पत्ता टाकलेला असतो.

पान बदलत नाही त्यामुळे पत्ताही बदलत नाही, म्हणजे शोध कोणाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येत नाही. म्हणून शोध झाला की हिस्टरी डॉट रिप्लेस-स्टेट करून पत्त्यात शब्द टाका, आणि पान उघडताना पत्त्यात शब्द असेल तर पेटीत भरून शोध चालवा. पुश-स्टेट, जे हिस्टरीत नवी नोंद टाकतं, प्रत्येक टायपिंगला करू नका, बॅक दाबून माणूस "सोलापूर", "सोलापू", "सोलाप" करत मागे जाईल. पुश-स्टेट फक्त एंटर दाबल्यावर, आणि मग पॉप-स्टेट (बॅक दाबल्यावर येणारा इव्हेंट) ऐकून त्या शब्दाचा शोध परत चालवावा लागतो.

दुसऱ्या साइटवरून आणायचं असेल तर

विकिपीडियाने परवानगी दिलीय म्हणून हे चाललं. बहुतेक साइट्स देत नाहीत, आणि मग कन्सोलमधे सीओआरएसचा (दुसऱ्या साइटचं उत्तर वाचायच्या परवानगीचा) लाल एरर. रिक्वेस्ट जाते, उत्तरही येतं बऱ्याचदा, पण ब्राउझर ते तुमच्या स्क्रिप्टला वाचू देत नाही. मोड = नो-कॉर्स टाका असा सल्ला जागोजागी मिळेल, त्याने एरर जातो आणि हातात जे उत्तर येतं ते वाचता येत नाही, म्हणजे काहीच उपयोग नाही. परवानगी ही समोरच्या सर्व्हरनेच द्यायची असते. ती नसेल तर आपल्या सर्व्हरवरून मागवा आणि तिथून पानाला द्या. फुकटचे प्रॉक्सी (मधे बसून रिक्वेस्ट पुढे पाठवणारे सर्व्हर) वापरू नका, जे जाईल-येईल ते सगळं त्यांना दिसतं. एपीआय की असेल तर ती तर सर्व्हरवरच, ब्राउझरमधली की कोणीही वाचू शकतो.

आणि उलट काम, म्हणजे समोरचं पानच जावास्क्रिप्टने भरतंय आणि सोर्स बघितला तर रिकामा डिव्ह, तर डेव्हलपर टूल्समधे नेटवर्क टॅब, फेच/एक्सएचआर फिल्टर, पान रीलोड, आणि एकेक ओळीचं उत्तर बघत जा. स्क्रीनवरचा मजकूर ज्या जेसनमधून आलाय ते बहुतेक वेळा तिथेच सापडतं, एचटीएमएल खरवडायची गरज पडत नाही. साइटच्या अटी वाचून घ्या मात्र. काही जुन्या मराठी साइट्सवर उत्तर उघडलं की देवनागरीऐवजी रोमन अक्षरांचा कचरा दिसेल, तो एरर नाही, ते मजकूरच जुन्या फॉन्टच्या हिशोबाने साठवलेले आहेत, त्याला त्या त्या फॉन्टचा कन्व्हर्टर लागतो, जावास्क्रिप्टचं डिकोडिंग बदलून काही होत नाही.

झालं की नेटवर्क टॅबमधे थ्रॉटलिंग (नेट मुद्दाम हळू करायची सोय) सगळ्यात हळू करा आणि फोनवरच्या मराठी कीबोर्डने वापरून बघा. "सोला" टाकून थांबा, मग पूर्ण करा. शोध चालू असताना पेटी पुसा. ऑफलाइन करून शोधा, परत ऑनलाइन करून शोधा. आणखी दाखवा दोनदा पटापट दाबा. "&" टाका. इतक्यात यादीत चुकीचं काही दिसलं नाही आणि "शोधतोय..." कुठे अडकून राहिलं नाही तर पान चालू करायला हरकत नाही.